गहन पर्यावरणवाद

गहन पर्यावरणवाद ही पर्यावरणविषयक तत्त्वज्ञानातील एक विचारसरणी आणि तिच्याशी निगडित असलेली चळवळ आहे. 'डीप इकॉलॉजी' या मूळ संज्ञेचा 'सखोल परिस्थितिकी' असाही अनुवाद केला जातो. मनुष्याला उपयोग होवो अथवा न होवो, मनुष्येतर जीवसृष्टीला स्वतःचे मूल्य आहे. म्हणून मनुष्याचे निसर्गाशी असलेले नाते केवळ साधनसंपत्तीच्या काटकसरीचे नसून नैतिक स्वरूपाचे आहे, असे ही विचारसरणी मानते. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस (१९१२–२००९) यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या लेखामुळे ही संज्ञा रूढ झाली.

या विचारसरणीचा भारताशी दुहेरी संबंध आहे. तिच्या जडणघडणीत गांधीविचाराचा मोठा वाटा आहे, आणि तिच्यावरील सर्वाधिक चर्चिली गेलेली टीकाही रामचंद्र गुहा या भारतीय इतिहासकाराने केलेली आहे.

== पार्श्वभूमी ==

पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा मुख्य प्रवाह दीर्घकाळ मानवकेंद्री राहिला. इमॅन्युएल कांट यांच्या मते प्राण्यांशी क्रूरपणे वागणे गैर आहे, परंतु त्याचे कारण असे की त्यामुळे मनुष्याचे मन निबर होते आणि तो पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. प्राण्याविषयीचे कर्तव्य हे अशा रीतीने माणसाविषयीच्या कर्तव्याची सावलीच ठरते. जंगल, नदी किंवा प्रजाती यांना तर या मांडणीत जागाच नव्हती.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नैतिक समुदायाची व्याप्ती माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांच्यापर्यंत वाढवावी, असे सुचवले. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने कीटकनाशकांचे दुष्परिणाम लोकांसमोर आणले. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माच्या मानवश्रेष्ठत्वाच्या कल्पनेत शोधली. प्रश्न विज्ञानाचा आणि धोरणाचा आहे, तसाच तो मूल्यांचाही आहे, ही जाणीव या काळात बळावली.

रिचर्ड रूटली या ऑस्ट्रेलियात कार्यरत असलेल्या तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये मांडलेला एक काल्पनिक प्रसंग या चर्चेत वारंवार येतो. सर्वनाशानंतर जगात एकच मनुष्य उरला आहे. मरण्यापूर्वी तो हाताला लागेल ते झाड आणि दिसेल तो प्राणी नष्ट करत सुटतो. यात कोणाही मनुष्याचे नुकसान होत नाही, कारण मागे कोणी उरणारच नाही. तरीही त्याचे कृत्य गैर वाटत असेल, तर प्रचलित मानवकेंद्री नीतिशास्त्र त्या भावनेचे कारण देऊ शकत नाही, असे रूटली यांचे म्हणणे होते. गहन पर्यावरणवादाचा आरंभबिंदू हाच आहे, जरी नेस तेथे वेगळ्या वाटेने पोहोचले.

== आर्ने नेस ==

नेस १९३९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, ओस्लो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तारुण्यात ते व्हिएन्ना वर्तुळाच्या बैठकांना उपस्थित राहिले होते आणि त्यांचे आरंभीचे कार्य भाषा, अर्थ व अनुभववाद या विषयांवरचे आहे. १९५८ मध्ये त्यांनी 'इन्क्वायरी' हे नियतकालिक सुरू केले. गिर्यारोहक म्हणूनही त्यांची ख्याती होती. हिंदुकुश पर्वतातील तिरिच मीर (७,७०८ मीटर) हे शिखर प्रथमच सर करणाऱ्या १९५० च्या नॉर्वेजियन मोहिमेचे ते नेते होते. हालिंगस्कार्वेट या डोंगराच्या अंगावर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर त्यांनी १९३० च्या दशकात ट्वेर्गास्टाइन नावाची झोपडी बांधली आणि आयुष्यातील अनेक वर्षे तेथे काढली. स्वतःच्या तत्त्वज्ञानाला त्यांनी 'इकोसॉफी टी' हे नाव दिले. त्यातील 'टी' हे याच झोपडीचे आद्याक्षर होय.

१९७० मध्ये पश्चिम नॉर्वेतील मार्डोला नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सत्याग्रह झाला. युरोपातील अतिशय उंच धबधब्यांपैकी एक असलेल्या मार्डाल्सफॉसेनचे पाणी या प्रकल्पासाठी वळवले जाणार होते. आंदोलकांनी बांधकामाच्या वाटेत तळ ठोकला आणि पोलिसांनी त्यांना उचलून बाजूला केले. त्यांत नेसही होते. आंदोलनाला यश आले नाही. प्रकल्प पूर्ण झाला आणि आता पर्यटकांसाठी उन्हाळ्यातील काही आठवडेच धबधब्यात पाणी सोडले जाते. गांधींच्या अहिंसक संघर्षाचा नेस यांनी १९३० पासून अभ्यास केला होता आणि त्यावर पुस्तकेही लिहिली होती. मार्डोला येथे तो अभ्यास प्रत्यक्षात उतरला.

त्यानंतरच्या वर्षी ते सिग्मुन्ड क्वालॉय आणि निल्स फारलुंड या सहकाऱ्यांसह नेपाळमधील रोल्वालिंग खोऱ्यात गेले. तेथील शेर्पा गौरीशंकर शिखराला त्सेरिंग्मा या देवीचे रूप मानतात. मोहिमा आल्या तर गावाला मजुरी मिळेल हे उघड होते. तरीही शिखरावर कोणी पाऊल ठेवू नये, असाच कौल बेडिंगच्या ग्रामस्थांनी दिला. पाहुण्यांनीही माथ्यापर्यंत चढण्याचा हेतू मनात ठेवला नाही आणि ग्रामस्थांची इच्छा सरकारपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. १९७९ मध्ये एका अमेरिकन-नेपाळी मोहिमेने ते शिखर सर केले.

== 'उथळ' आणि 'गहन' ==

१९७२ मध्ये बुखारेस्ट येथील परिषदेत केलेल्या आणि पुढच्या वर्षी 'इन्क्वायरी'त छापलेल्या मांडणीत नेस यांनी पर्यावरण चळवळीतील दोन प्रवाह वेगळे केले. पहिला प्रवाह प्रदूषण आणि साधनसंपत्तीचा ऱ्हास यांच्याशी लढतो, परंतु त्याचे उद्दिष्ट विकसित देशांतील लोकांचे आरोग्य आणि समृद्धी एवढेच असते. त्याला त्यांनी उथळ म्हटले. दुसरा प्रवाह या समृद्धीच्या कल्पनेविषयीच प्रश्न विचारतो. 'गहन' हे विशेषण भावनेच्या खोलीला उद्देशून नाही, प्रश्न किती खोलवर नेले जातात त्याला उद्देशून आहे. कारखान्याच्या धुरावर गाळणी बसवणे किंवा घाणेरडे उद्योग गरीब देशांत हलवणे हा पहिल्या प्रकारचा उपाय झाला. त्या कारखान्यात तयार होणारी वस्तू कोणती गरज भागवते आणि ती गरज खरी आहे काय, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न होय. 'उथळ' हा शब्द अर्थातच अनेकांना झोंबला, आणि प्रदूषणाविरुद्ध रोज लढणाऱ्या कार्यकर्त्यांवर तो अन्याय करणारा आहे, हा आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही.

याच लेखात नेस यांनी जीवावरणीय समतेचे तत्त्व मांडले. प्रत्येक सजीवाला जगण्याचा आणि फुलण्याचा समान अधिकार आहे, असे ते सांगते. मात्र त्याला त्यांनी 'तत्त्वतः' ही मर्यादा घातली, कारण कोणत्याही वास्तव जीवनक्रमात काही प्रमाणात हत्या आणि वापर अटळ असतो. टीकाकार ही मर्यादा अनेकदा विसरतात आणि अनुयायीही. १९७९ मधील एका निबंधात माणसे, मेंढ्या, अस्वले आणि लांडगे एकाच प्रदेशात कसे राहू शकतील याचा विचार करताना नेस यांनी लांडग्याच्या जगण्याबरोबरच मेंढीच्या वेदना आणि मेंढपाळाची उपजीविका या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या आहेत. मूलभूत गरज आणि चैन यांत संघर्ष झाल्यास मूलभूत गरजेला, ती कोणाचीही असो, अग्रक्रम द्यावा, हा त्यांचा साधारण निकष होता.

== विस्तारित आत्मा ==

नेस यांना कर्तव्याची भाषा फारशी रुचत नव्हती. निसर्गाचे रक्षण ही त्यागाची गोष्ट आहे असे सांगत राहिल्यास लोक थकतात, असे त्यांचे निरीक्षण होते. कांट यांच्याच एका भेदाचा त्यांनी आधार घेतला: इच्छेविरुद्ध, केवळ कर्तव्य म्हणून केलेली कृती नैतिक असते, तर तीच कृती स्वाभाविक ओढीने घडली तर ती सुंदर असते. पर्यावरण चळवळीने अशा सुंदर कृतींकडे अधिक लक्ष द्यावे, असे त्यांनी सुचवले.

ही ओढ निर्माण होते ती तादात्म्यातून. मूल वाढते तसा त्याचा 'मी' विस्तारत जातो आणि त्यात आई-वडील, घर, गाव, समाज सामावतात. ही प्रक्रिया मनुष्यजातीच्या सीमेवर थांबवण्याचे कारण नाही, असे नेस म्हणतात. त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रसायनांचे थेंब एकत्र येताना ते पाहत होते. तेवढ्यात टेबलावर फिरणाऱ्या लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या अंगावरून एक पिसू उडाली आणि नेमकी त्या आम्लात पडली. तिला वाचवणे शक्य नव्हते. तिच्या हालचाली थांबेपर्यंत काही मिनिटे गेली आणि तेवढा वेळ त्यांना त्या कीटकात स्वतःचे दुःख दिसत राहिले. परकेपणा उरला असता तर करुणा निर्माण झाली नसती, एवढेच त्यांना यातून दाखवायचे आहे.

या कल्पनेला त्यांनी आत्मसाक्षात्कार असे नाव दिले आणि तिची मुळे स्पिनोझा यांच्या तत्त्वज्ञानात व गांधींच्या विचारात दाखवली. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील, सर्व भूतांच्या ठायी आत्मा पाहणाऱ्या योग्याविषयीचा श्लोकही (६.२९) त्यांनी उद्धृत केला आहे. गांधींच्या आश्रमात साप आणि विंचू यांना न मारता राहण्याचा आग्रह होता, या गोष्टीचे त्यांना विशेष महत्त्व वाटे. व्यक्तीचा मोक्ष, समाजातील संघर्ष आणि इतर जीवांचा जगण्याचा अधिकार हे तिन्ही गांधींनी एकाच सूत्रात गुंफले, असे त्यांचे मत होते.

== अष्टसूत्री ==

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटी प्रदेशात तळ ठोकून असताना नेस आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज सेशन्स यांनी चळवळीची आठ सूत्रे तयार केली. जीवसृष्टीचे आंतरिक मूल्य, तिच्या वैविध्याचे मूल्य आणि मूलभूत गरजांखेरीज ते वैविध्य घटवण्याचा मनुष्याला नसलेला अधिकार, ही पहिली तीन सूत्रे होत. सध्याचा मानवी हस्तक्षेप अतिरेकी आहे, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि विचारप्रणाली यांच्याशी संबंधित धोरणे बदलावी लागतील, आणि राहणीमान वाढवत नेण्यापेक्षा जीवनाची गुणवत्ता जोखावी, हे पुढे येते. ही सूत्रे मान्य असणाऱ्यांवर बदलासाठी झटण्याची जबाबदारी आहे, असे शेवटचे सूत्र सांगते. लोकसंख्या लक्षणीयरीत्या कमी होणे मानवी जीवनाच्या उत्कर्षाशी सुसंगत आहे, असे म्हणणारे सूत्र सर्वाधिक वादग्रस्त ठरले.

ही सूत्रे म्हणजे सिद्धांत नव्हे. बौद्ध, ख्रिस्ती किंवा निरीश्वरवादी व्यक्ती आपापल्या अंतिम श्रद्धांतून त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते आणि त्यांतून आपापल्या परिस्थितीला अनुरूप धोरण काढू शकते, अशी नेस यांची योजना होती. बिल डेव्हॉल आणि सेशन्स यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे ही सूत्रे अमेरिकेत पसरली; परंतु तेथे त्यांना ओसाड, निर्मनुष्य अरण्याच्या रक्षणाचे वळण लागले. तो बदल पुढील टीकेच्या मुळाशी आहे.

== टीका ==

=== रामचंद्र गुहा ===

१९८९ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स' या नियतकालिकात गुहा यांनी तिसऱ्या जगाच्या दृष्टिकोनातून अमेरिकन गहन पर्यावरणवादाची चिकित्सा केली. त्यांच्या मते मानवकेंद्री आणि जीवकेंद्री हा भेद पर्यावरणाच्या ऱ्हासाचे स्पष्टीकरण देत नाही. ऱ्हासाची खरी कारणे औद्योगिक देशांचा व तिसऱ्या जगातील शहरी अभिजनांचा अतिउपभोग आणि वाढते लष्करीकरण ही आहेत. ती दूर करण्यासाठी माणसाने स्वतःला विश्वाचे केंद्र मानणे सोडले पाहिजे असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा होता. अरण्य म्हणजे माणसाविना निसर्ग, ही कल्पना दाट वस्तीच्या, शेतीप्रधान देशात लागू केली की तिची किंमत गरिबांना मोजावी लागते. उदाहरण म्हणून गुहा यांनी १९७३ मध्ये सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प घेतला. त्यात वाघाचे हित आणि अभयारण्याच्या आत-बाहेर राहणाऱ्या शेतकऱ्यांचे व आदिवासींचे हित एकमेकांविरुद्ध उभे केले गेले. पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. तेथील बोरी, कोहा, कुंड या कोरकू वस्तीच्या गावांचे २००० नंतरच्या दशकात पुनर्वसन झाले. मेळघाटातील पुनर्वसनाचे मूल्यमापन करताना संवर्धनवादी परतलेले गवताळ प्रदेश दाखवतात, तर सामाजिक कार्यकर्ते नव्या गावातील पाणी, जमीन आणि रोजगार यांचे प्रश्न दाखवतात.

पूर्वेकडील परंपरांचा वापरही गुहा यांना खटकला. हिंदू, बौद्ध आणि ताओ मते एका ओळीत बसवून त्यांना गहन पर्यावरणवादाचे पूर्वज ठरवणे म्हणजे पूर्वेला स्वतःचा इतिहास नाकारणे होय. या प्रदेशांतील शेतकरी, पशुपालक आणि वनवासी यांनी निसर्ग केवळ न्याहाळला नाही, तर शतकानुशतके तो जाणीवपूर्वक घडवला आणि वापरला. गुहा यांच्यासह १९९२ मध्ये भारताचा पर्यावरणीय इतिहास लिहिणारे माधव गाडगीळ यांनी वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला होता (१९७६). देवराई हे या मुद्द्याचे चांगले उदाहरण ठरते. तेथे कुऱ्हाड चालत नाही ती देवाच्या धाकामुळे. परंतु राईच्या सभोवती नांगरलेली शेते, चराऊ कुरणे आणि सरपणाचे जंगल असते. ती निर्मनुष्य अरण्याचा तुकडा नसून गावाच्या व्यवस्थेचा भाग आहे. तिच्यामागे निसर्गप्रेमाचे तत्त्वज्ञान शोधणाऱ्यांना हेही ध्यानात घ्यावे लागते की देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावांनीच राया तोडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

या टीकेला उत्तर देताना नेस यांनी माणसे हटवून अरण्य राखण्याचा आग्रह आपल्या विचाराचा आवश्यक भाग नसल्याचे सांगितले. निसर्गाची समृद्धी कमी न करता तेथे राहणाऱ्या समुदायांना त्यात स्थान आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९७९ ते १९८१ या काळात उत्तर नॉर्वेतील आल्टा नदीवरील धरणाविरुद्धच्या आंदोलनात ते सामी या मूलनिवासी लोकांच्या बाजूने सहभागी झाले होते. त्यामुळे गुहा यांची टीका नेस यांच्यापेक्षा त्यांच्या अमेरिकन अनुयायांना अधिक लागू पडते, असे म्हणणे योग्य ठरते. तरीही अष्टसूत्रीत वर्ग, मालकी आणि सत्ता यांच्याविषयी जवळजवळ काहीच नाही, ही उणीव त्या उत्तराने भरून निघत नाही.

=== इतर आक्षेप ===

अमेरिकन विचारवंत मरे बुकचिन यांनी १९८७ मध्ये सामाजिक परिस्थितिकीच्या भूमिकेतून कठोर हल्ला केला. निसर्गावरील वर्चस्वाचे मूळ माणसाने माणसावर गाजवलेल्या वर्चस्वात आहे, आणि 'मनुष्यजात' या एकाच शब्दात शोषक व शोषित यांना कोंबणे ही दिशाभूल आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या संतापाला तात्कालिक कारणही होते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'अर्थ फर्स्ट!' या संघटनेचे डेव्ह फोरमन यांनी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांना मदत करण्यापेक्षा निसर्गाला आपला समतोल साधू द्यावा, अशा अर्थाचे विधान केले होते. फोरमन यांनी पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला.

ऑस्ट्रेलियन स्त्रीवादी तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांचा आक्षेप विस्तारित आत्म्याच्या कल्पनेवर आहे. दुसऱ्याला आपल्यात सामावून घेणे म्हणजे त्याचे वेगळेपण पुसणे. नैतिक नात्याला तर दुसरा दुसराच राहणे आवश्यक असते. जंगल वाचवायचे ते 'ते म्हणजे मीच' म्हणून नव्हे, तर ते आपल्याहून वेगळे आहे म्हणून. १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात मगरीच्या जबड्यातून वाचल्यानंतर आपणही कोणाचे तरी अन्न आहोत या जाणिवेवर प्लमवुड यांनी केलेले लेखन या विषयावरील सर्वांत वाचनीय लेखनात गणले जावे.

== कायद्यातील पडसाद ==

निसर्गाला कायदेशीर हक्क देण्याची कल्पना अमेरिकन विधिज्ञ ख्रिस्तोफर स्टोन यांनी १९७२ मध्ये, म्हणजे नेस यांच्या लेखापूर्वीच, मांडली होती. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेने निसर्गाचे हक्क मान्य केले. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तित्व दिले. मात्र त्यामागे गहन पर्यावरणवाद नसून नदीला पूर्वज मानणाऱ्या माओरी लोकांचा दीर्घ लढा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

भारतीय न्यायव्यवस्थेत या विचारसरणीची परिभाषा सर्वांत स्पष्टपणे आढळते ती एप्रिल २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात. गीरमधील आशियाई सिंहांपैकी काही मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश देताना न्यायालयाने मानवकेंद्री दृष्टी नाकारली आणि परिसंस्थाकेंद्री दृष्टी स्वीकारली. प्रजातीचे हित हा निर्णयाचा निकष असावा, असे त्यात म्हटले आहे. सिंहांसाठी जागा करण्याकरिता कुनोच्या जंगलातील २४ गावे त्याआधीच, शतक बदलत असताना, बाहेर हलवण्यात आली होती. त्या गावांतील बहुसंख्य कुटुंबे सहरिया आदिवासींची होती. सिंह कुनोला आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते तेथे सोडण्यात आले.